दफ्तर आणि दिवान : सरकारी सेवेतले उर्दू लेखक

उर्दू साहित्याच्या गेल्या दोनशे वर्षांतून सरकारी नोकरीत हयात घालवलेले लेखक बाजूला काढले, तर मागे काय उरेल? उर्दूतली पहिली कादंबरी जाईल, कारण ती एका डेप्युटी कलेक्टराने लिहिली. दिल्लीच्या जुन्या वास्तूंचा पहिला मोठा उर्दू ग्रंथ जाईल, कारण तो लिहिणारे सय्यद अहमद खान तेव्हा मुन्सफ होते. इंग्रजी चालीरीतींवरची सर्वांत धारदार विनोदी कविता जाईल, कारण अकबर इलाहाबादी त्याच राजवटीत न्यायाधीश होते. प्रेमचंदांची उमेदीची वर्षे जातील, कारण ते शाळा तपासत गावोगाव हिंडत होते. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला उर्दूचा सर्वांत मोठा समीक्षक जाईल, कारण शम्सुर्रहमान फारुकी टपाल खात्यात अधिकारी होते.

इतकी मोठी गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासांत मात्र चरित्राच्या एका ओळीत उरकली जाते. अमुक साली सेवेत रुजू, अमुक साली निवृत्त, आणि मग ‘साहित्यसेवा’ असा वेगळा परिच्छेद. ही फाळणी मला मान्य नाही. लेखक आणि नोकर एकाच घरात राहतात, एकाच घड्याळावर जगतात, एकाच टेबलावर लिहितात. उर्दूच्या बाबतीत तर हा प्रश्न जास्तच गुंतागुंतीचा आहे, कारण इथे भाषाच सरकारी कचेरीत वाढली, तिथून बाहेर काढली गेली आणि पुढे कचेरीबाहेर नव्याने उभी राहिली. या क्षेत्रात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या मराठी वाचकाला हा प्रवास नीट दिसावा, यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात १८३७ पासून करावी लागते. कंपनी सरकारने कचेऱ्यांतून फारसी उठवली आणि उत्तर हिंदुस्थानात तिची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे जी भाषा मुशायऱ्यांत आणि बाजारात होती ती समन्स, वॉरंट, सातबाऱ्यासारखे उतारे आणि जबान्या यांची भाषा झाली. शिकलेल्या मुलाला पोटापाण्यासाठी उर्दू गद्य लिहिता येणे गरजेचे झाले. त्याआधी, १८०० साली कलकत्त्यात निघालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात इंग्रज अधिकाऱ्यांना भाषा शिकवण्यासाठी मीर अम्मन यांच्यासारख्या मुनशींकडून सोपे गद्य लिहून घेतले गेले होतेच. सांगायचे ते इतकेच, की उर्दू गद्याच्या जन्मापाशी सरकारी पगार हजर आहे.

गालिब या पगाराच्या पलीकडच्या बाजूला उभे होते. त्यांची कित्येक वर्षे पेन्शनच्या अर्जात गेली. त्यासाठी ते थेट कलकत्त्यापर्यंत गेले आणि हात हलवत परतले. दिल्ली कॉलेजातल्या फारसीच्या जागेसाठी ते भेटायला गेले, पण साहेब स्वागताला बाहेर आला नाही म्हणून पालखी परत फिरवली, ही कथा सर्वश्रुत आहे. नोकरीने मान वाढावा, असलेला मान कमी होऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या पुढच्या पिढीला असे म्हणण्याची सोय राहिली नाही. १८५७ नंतर दिल्लीची जुनी दुनियाच नाहीशी झाली होती.

त्या पुढच्या पिढीचे नाव नझीर अहमद. बिजनौर जिल्ह्यातला हा गरीब घरचा मुलगा दिल्ली कॉलेजात शिकला, शिक्षण खात्यात लागला, आणि भारतीय दंडविधानाच्या उर्दू भाषांतराच्या कामात त्याने आपली योग्यता दाखवली. हिंदी चित्रपटातला न्यायाधीश ज्या ‘ताजीरात-ए-हिंद’चा उच्चार करून शिक्षा सुनावतो, तेच हे पुस्तक. पुढे ते डेप्युटी कलेक्टर झाले आणि नंतर काही वर्षे हैदराबादच्या निजामाच्या सेवेतही होते. १८६८ मध्ये वायव्य प्रांताच्या सरकारने देशी भाषांतल्या उपयुक्त पुस्तकांना बक्षिसे जाहीर केली. नझीर अहमद यांनी मुळात आपल्या मुलींना वाचायला म्हणून लिहिलेली ‘मिरात-उल-उरूस’ त्यात पहिली आली, हजार रुपये मिळाले आणि १८६९ साली ती छापली गेली. उर्दूतली पहिली कादंबरी असा मान तिला दिला जातो. दोन बहिणी, एक गृहकृत्यदक्ष आणि दुसरी हट्टी, अशी ती साधी बोधपर गोष्ट. पण दिल्लीच्या बायकांची बोलभाषा तिच्यात इतकी जिवंत आहे की बोध विसरला जातो आणि संवाद कानात राहतात.

मला मात्र नझीर अहमद यांची १८८८ ची ‘इब्न-उल-वक्त’ जास्त मोलाची वाटते. १८५७ च्या धामधुमीत एका इंग्रजाचा जीव वाचवणारा, त्याच्या कृपेने सरकारी हुद्द्यावर चढलेला आणि मग साहेबी राहणीत स्वतःच्याच लोकांपासून तुटलेला नायक तिच्यात आहे. साहेबही त्याला आपला मानत नाहीत. हे लिहिणारा स्वतः त्या शिडीवर चढून आलेला होता, म्हणून इथे उपदेशाखाली दडलेली वेदना खरी आहे. भारतीय अधिकाऱ्याच्या मनाचा इतका जुना आणि इतका प्रामाणिक अभ्यास आपल्या कोणत्याही भाषेत फार थोड्या ठिकाणी सापडेल.

आता १८७४ मधले लाहोर पाहू, कारण या क्षेत्रातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रसंग तिथे घडला. पंजाबच्या शिक्षण खात्याचे संचालक कर्नल हॉलरॉइड यांच्या पाठिंब्याने अंजुमन-ए-पंजाबने एक नव्या तऱ्हेचा मुशायरा सुरू केला. गझलेची ओळ ठरवून देण्याऐवजी विषय ठरवून द्यायचा, पाऊस, हिवाळा, देशप्रेम असा, आणि कवींनी ‘नैसर्गिक’ कविता लिहायची. या खटपटीचे पुढारी होते मुहम्मद हुसेन आझाद, शिक्षण खात्यातले नोकर. १८५७ नंतर इंग्रजांनी त्यांच्या वडिलांना ठार केले होते, आणि ते स्वतः वर्षानुवर्षे भटकत लाहोरला पोचले होते. त्यांच्याबरोबर होते अल्ताफ हुसेन हाली, सरकारी बुक डेपोत इंग्रजीतून भाषांतरित झालेल्या पुस्तकांची उर्दू सुधारून देणारे. हालींना फारसे इंग्रजी येत नव्हते. इंग्रजी वाङ्मयाच्या कल्पना त्यांच्यापर्यंत पोचल्या त्या या कचेरीच्या टेबलावरून. आझादांचा ‘आब-ए-हयात’ १८८० साली आला आणि हालींचा ‘मुकद्दमा’ १८९३ मध्ये. या दोन पुस्तकांनी उर्दूला स्वतःच्या कवितेकडे पाहायची जी दृष्टी दिली, ती जवळजवळ शंभर वर्षे टिकली. जुनी गझल कृत्रिम, अतिशयोक्त, प्रसंगी अनीतिमान. कविता साधी, खरी आणि उपयोगी असावी. दोघेही थोर लेखक होते, आपल्या परंपरेवर त्यांचे जिवापाड प्रेम होते. तरीही हरलेल्या समाजाची लाज त्यांच्या हातून वाङ्मयाच्या निकषांत उतरली, आणि ती उतरण्याची वाट सरकारी खात्यातून गेली.

१८७४ च्याच जानेवारीत पुण्याला विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली, हे मराठी वाचकाने इथे आठवावे. विष्णुशास्त्रीही तेव्हा सरकारी शाळेत शिक्षक होते. इंग्रजी विद्येचे तेज आणि आपल्या भाषेचा अभिमान यांची जुळणी करताना त्यांनी वेगळा रस्ता धरला आणि १८७९ मध्ये नोकरीच सोडली. लाहोर आणि पुणे यांची ही तुलना अजून कुणी पुरेशा सखोलपणे केलेली नाही. तरुण अभ्यासकासाठी हा विषय वाट पाहतो आहे.

प्रेमचंदांची हकीकत पुष्कळांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. धनपतराय हे खरे नाव, लेखनासाठी नवाबराय. १९०८ मध्ये ‘सोज-ए-वतन’ हा उर्दू कथासंग्रह निघाला. हमीरपूर जिल्ह्यात शाळा तपासणीच्या कामावर असताना कलेक्टराने त्यांना बोलावून घेतले, कथा राजद्रोही ठरवल्या आणि उरलेल्या प्रती जाळल्या गेल्या. लिहिण्याआधी परवानगी घ्या, असा दंडक लागला. ‘जमाना’चे संपादक दयानारायण निगम यांनी नवे नाव सुचवले आणि प्रेमचंद जन्माला आले. म्हणजे भारतीय कथेतले हे सर्वांत लाडके नाव नोकरीच्या नियमांतून वाट काढताना घेतलेले आहे. १९२१ मध्ये गोरखपूरला गांधीजींचे भाषण ऐकल्यावर त्यांनी राजीनामा दिला.

इथून मी वाचकाला औरंगाबादला नेतो. हैदराबाद संस्थानात उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती, आणि मराठवाडा त्या संस्थानात होता. हापुडचे मौलवी अब्दुल हक संस्थानाच्या शिक्षण खात्यात होते आणि औरंगाबादला शाळांचे निरीक्षक म्हणून काम करत होते. १९१२ मध्ये त्यांच्याकडे अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे चिटणीसपद आले आणि संस्थेचे दफ्तरच औरंगाबादला आले. पुढे जवळजवळ पाव शतक उर्दूच्या विद्वत्तेचे केंद्र दिल्ली नव्हते, लखनौ नव्हते, ते औरंगाबाद होते. दखनी उर्दूची हस्तलिखिते शोधली गेली, कोश झाले, जुन्या कवींचे चरित्रग्रंथ संपादित झाले, १९२१ पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक निघू लागले. हे सारे करणारा माणूस यांतली बरीच वर्षे संस्थानाची नोकरीही करत होता. मराठीवरच्या फारसीच्या प्रभावावरही त्यांनी पुस्तक लिहिले. १९३८ मध्ये अंजुमन दिल्लीला हलली आणि मराठवाड्याच्या स्मरणातूनही गेली, ही खेदाची गोष्ट आहे.

अब्दुल हक यांच्या ‘चंद हमअसर’ या व्यक्तिचित्रांच्या संग्रहात सर सय्यद अहमद खान, हाली यांच्यासारख्यांच्या रांगेत एक चित्र नामदेव माळ्याचे आहे. बीबी का मकबऱ्याच्या बागेतला हा माळी अस्पृश्य मानलेल्या जातीतला. झाडांची तो पोटच्या मुलांसारखी निगा राखायचा. रोपाला आळे करताना थोडा मागे सरकून निरखायचा. उन्हाळ्यात पाण्याचा दुष्काळ पडला तर कुठून कुठून घागरी भरून आणायचा. बक्षिसाची अपेक्षा नाही, कामाची जाहिरात नाही. एके दिवशी मधमाश्या उठल्या, बाकीचे पळाले, हा कामात गुंग राहिला आणि त्यांच्या दंशाने गेला. एका सरकारी अधिकाऱ्याने आपल्या हाताखालच्या यंत्रणेतल्या सर्वांत खालच्या माणसाला समकालीन थोरांच्या बरोबरीने बसवावे, हे मला त्या काळाच्या मानाने फार धीट वाटते. हे चित्र उर्दूच्या शालेय पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. मराठी मुलांच्या हाती मात्र ते क्वचितच पडते, आणि नामदेव तर आपल्याच मातीतला.

निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी याच संस्थानी सेवेतले. उर्दूतून कारभार चालवणारा, फारसी मूळ कागद वाचणारा, आदिलाबादला असताना गोंडी आणि कोलामी शिकून त्यांवर लिहिणारा हा अधिकारी पुढे महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटिअरच्या कामावर आला. मोगल दरबारची बातमीपत्रे आणि फारसी तवारिखा त्यांनी मराठीत आणल्या, आणि उर्दू कवितेची ओळख मराठी वाचकांना करून दिली. ते उर्दूचे लेखक नव्हेत. पण दफ्तरात शिकलेली भाषा माणूस आयुष्यभर कशी वापरू शकतो, याचे त्यांच्याइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

फाळणीनंतर चित्र दोन तऱ्हेने बदलले. पाकिस्तानात उर्दू राष्ट्रभाषा झाली आणि मोठ्या हुद्द्यावरचे अधिकारी उर्दूत लिहू लागले. आय.सी.एस. कुद्रतुल्ला शहाब हे त्यांतले सर्वांत गाजलेले. फाळणीच्या अत्याचारांवरची ‘या खुदा’ त्यांनी १९४८ मध्ये लिहिली. पुढे गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद, इस्कंदर मिर्झा आणि अयूब खान अशा तिघांचे ते सचिव होते. १९५९ मध्ये पाकिस्तान रायटर्स गिल्ड उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. लेखकांना सरकारच्या दावणीला बांधण्याचा तो प्रयत्न होता, असा आरोप त्यांच्यावर कायम राहिला. १९८६ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी ‘शहाबनामा’ निघाला. पाकिस्तानात इतके खपलेले उर्दू आत्मचरित्र क्वचितच असेल. बंगालच्या दुष्काळातल्या तरुण अधिकाऱ्याची प्रकरणे आणि झंगच्या डेप्युटी कमिशनरचे दिवस वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही. पण सत्तेच्या दालनातली प्रकरणे वाचताना अभ्यासकाने सावध असावे. ज्याने हुकूमशहाच्या शेजारी बसून काम केले, त्याच्या आठवणीत तो स्वतः नेहमीच नाइलाजाने उभा असतो. त्या काळची वृत्तपत्रे आणि इतरांच्या आठवणी शेजारी ठेवल्याशिवाय ‘शहाबनामा’ इतिहास म्हणून वापरू नये. मुख्तार मसूद यांचे ‘आवाज-ए-दोस्त’ त्या मानाने छोटे आणि सुघड. लाहोरच्या मीनार-ए-पाकिस्तानच्या बांधकामाशी अधिकारी म्हणून आलेला संबंध त्यांनी निबंधात उतरवला. आणि परवीन शाकिर. सीमाशुल्क खात्यातल्या या कवयित्रीला सेवेच्या परीक्षेत स्वतःच्याच कवितेवरचा प्रश्न आला होता, असे सांगतात. १९९४ च्या डिसेंबरात इस्लामाबादला कचेरीत जाताना अपघातात तिचा मृत्यू झाला, तेव्हा ती अवघी बेचाळीस वर्षांची होती. या क्षेत्रातल्या नावांत स्त्रिया फार कमी आहेत, आणि त्याचे कारण वाङ्मयीन नाही.

भारतात उलटे घडले. उत्तर प्रदेशातल्या कचेऱ्यांत नागरीला वाव मिळण्याची सुरुवात १९०० मध्येच झाली होती. स्वातंत्र्यानंतर राज्यकारभार हिंदीत गेला आणि उर्दू शिकून नोकरी मिळण्याचे दिवस संपले. अशा वेळी १९५८ मध्ये तेवीस वर्षांचा एक इंग्रजीचा प्राध्यापक भारतीय टपाल सेवेत दाखल झाला.

शम्सुर्रहमान फारुकी यांचा जन्म ३० सप्टेंबर १९३५ चा, प्रतापगडचा. वडील शिक्षण खात्यात. इलाहाबाद विद्यापीठातून १९५५ मध्ये इंग्रजीत एम.ए., मग बलिया आणि आझमगडला अध्यापन. उर्दू त्यांनी पदवीसाठी शिकली नव्हती. नोकरीची भाषा इंग्रजी, पदवीची भाषा इंग्रजी, आणि लेखनाची भाषा उर्दू. नझीर अहमद ज्या भाषेत फैसले लिहीत त्याच भाषेत कादंबऱ्या लिहीत होते. फारुकी यांच्या आयुष्यात या दोन भाषा वेगळ्या झाल्या. मला या क्षेत्रात सर्वांत जास्त सांगायचे आहे ते हेच. उर्दू त्यांना पगार देत नव्हती, बढती देत नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्या विद्वत्तेला कुणाचे मिंधेपण नव्हते. विद्यापीठाच्या उर्दू विभागांतली गटबाजी त्यांच्या पोटावर येऊ शकत नव्हती. प्रगतिशील लेखक चळवळीचा धाक त्यांना नव्हता. महिन्याचा पगार टपाल खाते देत होते आणि रात्रीचे तास त्यांचे स्वतःचे होते.

१९६६ मध्ये इलाहाबादहून ‘शबखून’ निघाले. सरकारी नोकराला वृत्तपत्र वा नियतकालिकाशी संबंध ठेवायचा तर परवानगी लागते. १९६४ चे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम त्याबाबत स्पष्ट आहेत, आणि त्याच नियमांत वाङ्मयीन, कलाविषयक, शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनाला सवलतही आहे. त्या सवलतीच्या चौकटीत किती भाषांतले किती साहित्य उभे राहिले, याचा शोध घ्यायला हवा. ‘शबखून’च्या मागे पत्नी जमीला यांचा पैसा, वेळ आणि हिंमत उभी होती, हे फारुकी स्वतः कृतज्ञतेने सांगत. सुमारे चाळीस वर्षे हे मासिक चालले आणि उर्दूतल्या आधुनिकतेचे ते मुख्य व्यासपीठ ठरले. छोट्या गावातला उर्दू वाचक त्याची पोस्टमनकडे वाट पाहत असे, हेही इथे नोंदवायला हवे. सवलतीच्या टपाल दराशिवाय आपल्या देशातली कोणतीच वाङ्मयीन नियतकालिके, मराठीसुद्धा, जगली नसती.

टपाल खात्याचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात सहा आकडी पिनकोड सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले संस्कृत पंडित आणि नाटककार. एकाच खात्यात त्या वर्षी एक मोठा संस्कृत लेखक आणि एक मोठा उर्दू लेखक काम करत होते. स्वतंत्र भारताच्या नोकरशाहीच्या सांस्कृतिक इतिहासात हे पान यायलाच हवे.

फारुकी यांचे सर्वांत मोठे काम ‘शेर-ए-शोरअंगेज’. अठराव्या शतकातले कवी मीर तकी मीर यांच्या गझलांचे निवडक शेर घेऊन त्यांवर केलेले भाष्य, चार खंड, १९९० ते १९९४ मध्ये प्रसिद्ध. यासाठी त्यांना १९९६ चा सरस्वती सन्मान मिळाला. त्याआधी, १९८६ मध्ये, ‘तन्कीदी अफकार’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला होता. मीर म्हणजे उसासे आणि अश्रू, साधी भाषा, दुःखी जीव, हे चित्र आझाद-हालींच्या काळापासून चालत आलेले. फारुकींनी शेर एकेक करून उलगडला आणि दाखवले की मीर खट्याळ आहे, बुद्धिमान आहे, शरीराबद्दल मोकळा आहे, भाषेच्या सर्व थरांत फिरणारा आहे, आणि साधेपणा हा त्याच्या कारागिरीचा फक्त एक भाग आहे. त्यांनी मजमून (शेराचा विषय) आणि मानी (अर्थ) यांच्यासारख्या, फारसी-उर्दू परंपरेच्या स्वतःच्या संकल्पना पुन्हा वापरात आणल्या. जुन्या कवीला वर्ड्‌स्वर्थच्या फूटपट्टीने मोजू नका, त्याचे स्वतःचे माप शोधा, हा त्यांचा आग्रह. आणि हा आग्रह धरणारा माणूस इंग्रजी वाङ्मय कोळून प्यालेला होता, अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र त्याने उर्दूत आणले होते. इंग्रजीचा धाक त्याला वाटतच नव्हता.

लाहोरच्या सरकारी कचेरीतून जी लाज उर्दू कवितेच्या डोक्यावर बसली, ती शंभर वर्षांनी स्वतंत्र भारताच्या एका सरकारी अधिकाऱ्याने उतरवली. उर्दूच्या आणि भारतीय प्रशासनाच्या एकत्रित इतिहासातला मला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. त्याला कोणत्याही खात्याची योजना कारणीभूत नव्हती.

१९९४ मध्ये टपाल सेवा मंडळाचे सदस्य म्हणून ते निवृत्त झाले. बहुतेकांचे लेखन इथे आठवणींकडे वळते. फारुकींचे कथेकडे वळले. गालिबवरची कथा त्यांनी बेनीमाधव रुसवा या टोपणनावाने ‘शबखून’मध्ये छापली, आणि वाचक कुतूहलाने विचारत राहिले की हा रुसवा कोण. दास्तान-ए-अमीर हमजाच्या छापील सेहेचाळीस खंडांचा संच त्यांनी जमवला, वाचून काढला, आणि ‘साहिरी, शाही, साहिबकिरानी’मध्ये दास्तान सांगण्याच्या विस्मृत कलेचे शास्त्र मांडले. त्यांच्याच प्रेरणेने २००५ मध्ये त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आणली. आज मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत पांढऱ्या अंगरख्यातले दोन कलाकार बैठकीवर बसून दास्तान सांगतात, त्याचे मूळ इलाहाबादच्या या अभ्यासिकेत आहे.

२००६ मध्ये, वयाच्या सत्तरीत, ‘कई चाँद थे सर-ए-आसमाँ’ ही पहिली मोठी कादंबरी आली. नायिका वजीर खानम, कवी दाग देहलवी यांची आई. तिच्या आयुष्यात आलेल्या पुरुषांपैकी नवाब शम्सुद्दीन अहमद यांना १८३५ मध्ये फाशी झाली, दिल्लीतला बडा इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर याच्या खुनाच्या आरोपावरून. कापड, अत्तर, चित्रकला, गालिचे, फारसी शेर यांचे जग तिच्यात खच्चून भरले आहे. पण मला दर वाचनात जाणवते ते कंपनी सरकारच्या कारभाराचे बारकावे. चौकशी कशी फिरते, साक्षीदार कसा फुटतो, एका सहीने विधवेची मिळकत कशी जाते, ज्याच्या हाती हुकूम आहे तो हुकमाआड कसा लपतो. छत्तीस वर्षे सरकारी कागद हाताळलेल्या माणसाला हे आतून ठाऊक होते, असे मी समजतो. २०१३ मध्ये ‘द मिरर ऑफ ब्यूटी’ या नावाने त्यांनी स्वतःच ती इंग्रजीत लिहून काढली. २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. २५ डिसेंबर २०२० ला, करोनातून उठल्यानंतर, इलाहाबादच्या घरी त्यांचे निधन झाले.

असा अभ्यास करणाऱ्याने दोन मोह टाळावेत. लेखकाच्या प्रत्येक प्रतिमेत फाइल आणि बदली शोधत बसणे हा एक. फारुकींच्या मीर-भाष्यात टपालपेटी शोधली तर हाती काही लागणार नाही. दुसरा मोह नैतिक न्यायाधीश होण्याचा. नोकरी सोडणारा तेवढा शूर आणि टिकून राहणारा भित्रा, अशी वाटणी सोपी असते, पण अकबर इलाहाबादींनी पेन्शन घेतच साहेबी थाटाचा जो समाचार घेतला, तो कित्येक राजीनाम्यांपेक्षा खोल गेला. पाहायचे ते वेगळेच. त्या लेखकाचा दिवस कसा जात होता, कोणत्या नियमाने त्याला काय लिहू दिले आणि काय अडवले, कोणत्या भाषेत तो पोटासाठी लिहीत होता आणि कोणत्या भाषेत मनासाठी. हे प्रश्न घेऊन गेलात तर पत्रे, मासिकांचे जुने अंक, सेवा नियम, आत्मचरित्रे, सगळेच बोलू लागते.

महाराष्ट्रात या कामाची निकड अधिक आहे. मराठवाड्यातले निजामकाळचे महसुली कागद मोठ्या प्रमाणात उर्दूत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किती गरज आहे, हे सर्वांनाच कळून चुकले. अंजुमनच्या औरंगाबादच्या दिवसांचा मराठीत तपशीलवार इतिहास व्हायला हवा. ‘इब्न-उल-वक्त’ आणि ‘कई चाँद थे सर-ए-आसमाँ’ मराठीत सर्वांच्या हाती पोचायला हव्यात. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला माझे एवढेच सांगणे आहे, की भाषांतरांवर समाधान मानू नका. उर्दू लिपी दोन-तीन महिन्यांच्या नेटाच्या अभ्यासाने वाचता येते, आणि शब्द तर अर्धेअधिक आपल्या कचेरीच्या मराठीत आधीपासून आहेत. आजच सुरुवात करा.